जर्मनीत शिकताना एका दिवसाची सहल: आखणी परतीच्या गाडीपासून

एका दिवसाच्या सहलीची आखणी बहुतेक जण सकाळच्या गाडीपासून सुरू करतात. किती वाजता निघायचं, तिथे पोचून काय काय बघायचं, आणि सगळं झालं की मग परतायचं. जर्मनीत रिजनल गाड्यांनी फिरणाऱ्या विद्यार्थ्यानं हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. आधी रात्री खोलीवर पोचवणारी गाडी ठरवायची आणि तिथून मागे मागे येत दुपार आणि सकाळ भरायची. असं केलं की हातात खरे किती तास आहेत ते कळतं, आणि सहा ठिकाणी धावण्याऐवजी दोन-तीन ठिकाणं मन लावून बघता येतात.

ही पद्धत कुठल्याही शहरासाठी चालते. इथे उदाहरणाला कोलोन घेतलं आहे. नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालिया राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी ते सोयीचं आहे: आखेनहून सुमारे तासाभरावर, बॉनहून अर्ध्या तासावर, मुन्स्टरहून दोनेक तासांवर. मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कॅथेड्रलच उभं असतं, आणि पुढचं जवळजवळ सगळं पायी होतं.

तिकीट कुठे चालतं आणि कुठे नाही

तुमच्याकडे कोणतं तिकीट आहे यावर सहलीचा पल्ला ठरतो. डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभरच्या रिजनल गाड्या आणि शहरी वाहतुकीसाठीचं महिन्याचं तिकीट, मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ युरो झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. ज्या विद्यापीठांनी वाहतूक कंपन्यांशी करार केला आहे तिथे विद्यार्थ्यांना हेच तिकीट सेमिस्टर तिकीट म्हणून नेहमीच्या किमतीच्या ६० टक्क्यांत मिळतं आणि त्याचे पैसे सेमिस्टरच्या शुल्कातच जातात. म्हणजे ते तिकीट तुमच्या खिशात असेल तर सहलीच्या प्रवासासाठी वेगळा एक सेंटही लागत नाही. अनेक विद्यार्थी हे तिकीट फक्त विद्यापीठ आणि खोली एवढ्यासाठी वापरतात. तेच तिकीट देशभर चालतं.

देशभर म्हणजे आरई आणि आरबी या रिजनल गाड्या, एस-बान (लोकल), यू-बान (मेट्रो), ट्राम आणि शहरातल्या बसमध्ये. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये ते चालत नाही. फ्लिक्सबस आणि फ्लिक्सट्रेन या खासगी सेवांमध्येही नाही. फलाटावर पांढरीशुभ्र आयसीई उभी असते, ती त्याच शहराला जाणार असते, शिवाय वीस मिनिटं आधी पोचवणार असते; तिच्यात चढायचं नाही. वैध तिकिटाशिवाय सापडलात तर किमान ६० युरोंचा दंड होतो. 'मला माहीत नव्हतं' हे कारण तपासनीस ऐकून घेत नाहीत, आणि त्यांनी ऐकावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

तिकीट वैयक्तिक असतं. मित्राला एका दिवसापुरतं वापरायला देता येत नाही. सोबत विद्यापीठाचं ओळखपत्र आणि फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र हवं. तिकीट फोनमध्ये असेल तर फोन बंद पडला की दाखवायला काही उरत नाही, म्हणून पॉवर बँक बॅगेत ठेवाच.

गटात काही जणांकडे हे तिकीट नसेल, उदाहरणार्थ कुणी पाहुणा भाऊ किंवा मैत्रीण आली असेल, तर राज्यापुरतं दिवसाचं तिकीट काढता येतं. बव्हेरियात ते बायर्न तिकीट, नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालियात शोनरटाग तिकीट. पाच जणांपर्यंत एकत्र प्रवास करता येतो आणि माणसं वाढतील तसा प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च खाली येतो. कामाच्या दिवशी ही तिकिटं सहसा सकाळी ९ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतात, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. तेव्हा शुक्रवारी सकाळी सात वाजता गटानं निघायचं ठरवत असाल तर थांबा, नऊ वाजू द्या.

परतीची गाडी आधी

आता मुख्य मुद्दा. जर्मन रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर ॲप उघडा, शोधताना फक्त डॉइचलँड तिकिटावर चालणाऱ्या गाड्या दाखवणारा पर्याय निवडा, आणि सहलीच्या गावाहून तुमच्या गावापर्यंतचा रात्रीचा प्रवास बघा. शोध नऊ वाजल्यापासून पुढे नेत न्या आणि शेवटची गाडी कोणती ते लिहून घ्या. मग तिच्या आधीची गाडी ठरवा. तुमची परतीची गाडी ही 'शेवटून दुसरी'. शेवटची गाडी राखीव समजा.

यामागचं कारण जर्मन रेल्वेत काही महिने काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. रिजनल गाड्या उशिरा धावतात, कधी रद्द होतात, रुळांची कामं चालू असतात. वाटेत एकदा गाडी बदलायची असेल आणि पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर पुढची सुटते. शेवटच्याच गाडीवर भिस्त ठेवली असेल तर रात्र अनोळखी स्टेशनावर काढावी लागू शकते, नाहीतर टॅक्सीचं मोठं बिल भरावं लागतं.

ॲपमध्ये गाडी बदलण्यासाठी किमान वेळ किती हवा ते ठरवता येतं. तो पंधरा मिनिटांवर ठेवा. पाच मिनिटांत फलाट बदलण्याची जोडणी ॲप आनंदानं सुचवतं, कारण वेळापत्रकानुसार ती शक्य असते. प्रत्यक्षात जिना चढून-उतरून धापा टाकत पोचेपर्यंत दारं बंद झालेली असतात.

स्टेशनवर उतरल्यावर घरी कसं जाणार हेही आत्ताच बघा. छोट्या विद्यापीठ-गावात वसतिगृहाकडे जाणारी बस रविवारी रात्री फार लवकर बंद होते. गाडी साडेअकराला पोचणार आणि शेवटची बस दहाला असेल, तर चालत किती वेळ लागेल, रस्ता उजेडाचा आहे का, स्टेशनवर सायकल लावून ठेवता येईल का, याचं उत्तर निघण्याआधी हवं.

हे झालं की सहलीचा पल्ला आपोआप कळतो. मी एका बाजूचा प्रवास दोन ते अडीच तासांपेक्षा जास्त ठेवत नाही, आणि गाडी एकदाच, फार तर दोनदा बदलावी लागेल अशीच ठिकाणं निवडते. डॉइचलँड तिकिटावर हँबुर्ग ते म्युनिकही जाता येतं, पण त्या प्रवासातच दिवस संपतो. तिकीट चालतं म्हणून अंतर जवळ होत नाही.

वार आणि ऋतू

वार चुकला तर सगळी आखणी फसते. जर्मनीत बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. कोलोनमध्ये म्युझियम लुडविग आणि शहराची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ कोलुंबा हे कलासंग्रहालय, जे मंगळवारी बंद असतं. त्यामुळे त्या त्या ठिकाणाची स्वतःची वेबसाईट बघितल्याशिवाय निघायचं नाही. नकाशाच्या ॲपवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका. कोलोनच्या कॅथेड्रलशेजारचं प्रसिद्ध रोमन-जर्मन संग्रहालयच बघा: त्याची मूळ इमारत २०१९ पासून अनेक वर्षं नूतनीकरणासाठी बंद राहिली आणि संग्रहाचा काही भाग दुसऱ्या इमारतीत हलवला गेला. जुने प्रवासलेख वाचून जाणारे थेट बंद दारापाशी पोचतात.

रविवारी दुकानं आणि सुपरमार्केट बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली दुकानं चालू असतात, बेकऱ्याही काही तास उघड्या असतात. संग्रहालयं मात्र रविवारी चालू असतात. खरेदी करायची असेल तर शनिवार, शांतपणे बघायचं असेल तर रविवार. पण रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात आणि त्या वेळात पर्यटकांना आत फिरू देत नाहीत. कॅथेड्रल मुख्य आकर्षण असेल तर शनिवारच बरा.

ऋतूचा हिशेब त्याहून मोठा. कोलोनमध्ये डिसेंबरच्या मध्याला सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारच्या सुमाराला मावळतो. जूनच्या शेवटी तोच सूर्यास्त दहाला दहा मिनिटं कमी असताना होतो. म्हणजे हिवाळ्यात उघड्यावरचं सगळं आधी आणि संग्रहालय चारनंतर. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हात संग्रहालय आणि संध्याकाळ नदीकाठी. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळाच्या तोंडापर्यंत ख्रिसमस बाजार भरतात. ते बघायचे असतील तर मधल्या वारी जा, शनिवारी चौकात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्निव्हलच्या दिवसांत आणि त्याचा मोसम सुरू होतो त्या ११ नोव्हेंबरला कोलोनच्या गाड्या वेशभूषा केलेल्या लोकांनी ओसंडून वाहतात. उत्सव बघायचा असेल तर जरूर जा, कॅथेड्रल बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

आदल्या रात्रीची कामं

रात्री झोपण्याआधी ॲपमध्ये उद्याची गाडी पुन्हा एकदा बघा. 'फेल्ट आउस' असं दिसलं तर गाडी रद्द आहे. 'एसईव्ही' दिसलं तर त्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस आहे, आणि ती स्टेशनच्या कुठल्या बाजूला थांबते ते शोधायला वेगळी दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुमचं तिकीट त्या बसमध्ये चालतं.

बॅग हलकी ठेवा. पाण्याची बाटली, डबा, पावसाचं जॅकेट, पॉवर बँक, ओळखपत्रं, थोडी रोख रक्कम. मोठी बॅग किंवा सुटकेस कॅथेड्रलमध्ये नेता येत नाही, आणि संग्रहालयातही पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवायला सांगतात. त्या लॉकरला कधीकधी एक किंवा दोन युरोचं नाणं लागतं, तेव्हा दोन्ही नाणी खिशात असू द्या. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहालाही पैसे पडतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, त्यामुळे बाटली भरून न्यायला हरकत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पेय विकत घेतलंच तर तिच्यावर २५ सेंटची ठेव असते. बाटली फेकू नका, कुठल्याही सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की पैसे परत मिळतात.

बूट असे घाला की दहा-बारा किलोमीटर चालता येईल. जुन्या शहरांत दगडी फरसबंदी असते आणि नव्या बुटांनी दुपारपर्यंत टाचा सोलून निघतात.

दोन-चार जण जाणार असाल तर आदल्या रात्रीच एक गोष्ट बोलून घ्या: कुणाला काय बघायचं आहे. एकाला संग्रहालय हवं असतं, दुसऱ्याला फोटो, तिसऱ्याला कपड्यांची दुकानं. दिवसभर सगळ्यांनी एकत्रच राहायला हवं असं काही नाही. दुपारी दोन तास वेगवेगळे फिरा आणि भेटायची जागा नक्की ठरवा. 'स्टेशनवर भेटू' एवढं पुरत नाही; कोलोनच्या मुख्य स्टेशनाला दोन बाजू आहेत, त्यातली कॅथेड्रलकडची बाजू असं स्पष्ट सांगा.

फलाटावर

दहा मिनिटं आधी फलाटावर पोचा आणि फलकाकडे लक्ष ठेवा. फलाट ऐनवेळी बदलतो आणि घोषणा अनेकदा फक्त जर्मनमध्ये होते. कानावर 'ग्लाइस' (फलाट) हा शब्द आणि त्यानंतर वेगळा आकडा आला की लगेच फलक बघा.

आणखी एक गोष्ट फार कमी जण नव्या विद्यार्थ्यांना सांगतात. काही रिजनल गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या गावांना जातात. फलाटावर ए, बी, सी अशा अक्षरांचे विभाग असतात. फलकावर कुठला भाग कुठे जाणार ते त्या अक्षरांसह लिहिलेलं असतं. डब्याच्या दारावरच्या आणि आतल्या पडद्यावरही शेवटचं स्टेशन दिसतं. बसण्याआधी ते वाचा. शंका वाटली तर शेजारच्या प्रवाशाला गावाचं नाव घेऊन विचारा. इथले लोक आपणहून बोलत नाहीत, पण विचारलं तर नीट सांगतात.

कोलोनची सकाळ: एक स्टेशन पुढे उतरा

बहुतेक लोक मुख्य स्टेशनवर उतरतात, बाहेर येतात, मान मागे टाकून कॅथेड्रलचा फोटो काढायचा प्रयत्न करतात आणि तो चौकटीत मावत नाही म्हणून हिरमुसतात. तुम्ही ऱ्हाईन नदीच्या पलीकडच्या काठावर, कोलोन मेस्से/डॉइट्झ स्टेशनवर उतरा. आखेन किंवा बॉनकडून येणाऱ्या बऱ्याच रिजनल गाड्या मुख्य स्टेशननंतर तिथे थांबतात. रूर या औद्योगिक पट्ट्याच्या बाजूनं येणाऱ्या अनेक गाड्यांना ते आधी लागतं. तुमची गाडी तिथे थांबते का, हे ॲपमध्ये बघून ठेवा.

डॉइट्झचा काठ पूर्वेला आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि समोरच्या काठावरचं सगळं शहर उजळून निघतं: कॅथेड्रल, ग्रोस सांक्ट मार्टिन चर्चचा जाडजूड मनोरा, जुन्या शहरातली रंगीत घरं. फोटो इथेच काढा. संध्याकाळी इथूनच कॅथेड्रलची काळी आकृती आणि मागे लाल आभाळ दिसतं; तेही सुंदर, पण दगडावरचं कोरीवकाम दिसत नाही.

मग होहेनझोलर्न पुलावरून चालत या. पूल १९११ मध्ये पूर्ण झाला, ६ मार्च १९४५ ला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच तो उडवला आणि युद्धानंतर पुन्हा बांधला. आता त्यावरून रोज हजाराहून अधिक गाड्या जातात. दक्षिणेकडच्या पायवाटेनं चाला. जाळीवर प्रेमिकांनी लावलेली असंख्य कुलुपं आहेत, २००८ च्या सुमाराला ही प्रथा इथे सुरू झाली. शेजारून गाडी धडधडत जाते, पायाखालचा पूल थरथरतो, आणि प्रत्येक पावलागणिक कॅथेड्रल मोठं होत जातं. दहा मिनिटांचं हे चालणं मला या शहरातलं सगळ्यात आवडतं.

कॅथेड्रल: घाई न करता

कॅथेड्रलला, म्हणजे डोमला, किमान दीड तास द्या. मनोरा चढायचा असेल तर अडीच. पायाभरणी १२४८ मध्ये झाली. सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि काम थांबलं. पुढे तीनशेच्या आसपास वर्षं हे चर्च अर्धवट उभं होतं आणि दक्षिण मनोऱ्याच्या थोटकावर बांधकामाची लाकडी क्रेन तशीच होती. जुन्या चित्रांत कोलोन ओळखायची ती खूणच झाली होती. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० मध्ये संपलं. १५७ मीटरची ही इमारत तेव्हा जगातली सर्वांत उंच होती. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकानं तिला मागे टाकलं. हे डोक्यात ठेवून आत गेलात की पूर्वेकडचा जुना भाग आणि पश्चिमेकडचा नवा भाग यांत शेकडो वर्षांचं अंतर आहे हे लक्षात येतं, आणि तरी ते अंतर दिसू नये म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी मध्ययुगीन आराखडा किती निष्ठेनं पाळला, याचं नवल वाटतं.

आत तीन गोष्टींपाशी थांबा. एक, मुख्य वेदीमागची सोन्यानं मढवलेली पेटी. बाळ येशूच्या दर्शनाला आले असं मानतात त्या पूर्वेकडच्या तीन राजांचे अवशेष ११६४ मध्ये मिलानहून इथे आणले गेले, आणि त्यांच्यासाठीच पुढे एवढं मोठं चर्च बांधायला घेतलं. दोन, गेरो क्रूस: दहाव्या शतकातला लाकडी ख्रिस्त, माणसाएवढा, मान खाली टाकलेला. कॅथेड्रलपेक्षाही तो जुना आहे. तीन, दक्षिणेकडची गेरहार्ड रिश्टर यांची खिडकी, २००७ मध्ये बसवलेली. तीत एकही आकृती नाही, फक्त ७२ रंगांचे ११ हजारांहून अधिक चौकोन. ही खिडकी दक्षिणेला आहे, म्हणून ऊन असेल त्या दिवशी दुपारी बाराच्या आसपास तिच्यापुढे उभे राहा. रंग फरशीवर आणि खांबांवर उतरतात. ढगाळ दिवशी तीच खिडकी फिकी वाटते. सकाळी पूल, मग डोम, हा क्रम मी त्यासाठीच सुचवते.

दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. जिना गोल आणि अरुंद, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेनं. गुडघे दुखत असतील, दम लागत असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर हट्टानं चढू नका. चढलात तर वाटेत १९२३ मध्ये ओतलेली २४ टनांची सेंट पीटरची घंटा बघायला मिळते. विद्यार्थी ओळखपत्रावर सवलत असते, ती मागावी लागते. हिवाळ्यात मनोरा लवकर बंद होतो, वेळ आधी बघा. उंचावरून शहर बघायचं आहे पण चढायचं नाही, तर डॉइट्झच्या काठावर १०३ मीटर उंचीच्या कोलोन ट्रायँगल इमारतीच्या गच्चीवर लिफ्टनं जाता येतं, आणि तिथून दिसणाऱ्या शहरात कॅथेड्रलही असतं.

चर्चमध्ये टोपी काढा, फोन बंद ठेवा, प्रार्थना चालू असेल तर फिरू नका. हे फक्त पर्यटनस्थळ नाही, लोक तिथे आपलं दुःख घेऊन येतात.

दुपार: एकच संग्रहालय

आधी जेवण. डबा नेला असेल तर ऱ्हाईनच्या काठावर बाक आहेत. बाहेर जेवायचं असेल तर जुन्या शहरातल्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे पारंपरिक बिअरगृहात, एकदा बसून बघा. शाकाहारी विद्यार्थ्यांनी हाल्व्हर हान मागवावं: राय (rye) या धान्याच्या पिठाचा छोटा पाव, लोणी, गौडा चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. बटाट्याचे तळलेले रायबेकुखन सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मिळतात, तेही शाकाहारी, पण पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्या. 'हिमेल उन एड' यात बटाटा आणि सफरचंद असतं, पण सोबत रक्ताचं सॉसेज येतं. तिथली कोल्श बिअर २०० मिलिलिटरच्या बारीक ग्लासात देतात आणि ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा आणून ठेवतात. नको असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. बिअर पीत नसाल तर सरळ पाणी किंवा सफरचंदाचा सोडा मागा, कुणी आग्रह करत नाही. काही जुन्या ठिकाणी कार्ड घेत नाहीत, बसण्याआधी विचारा.

जेवणानंतर एकच संग्रहालय. दोन करायला गेलात तर दुसऱ्यात पाय दुखतात आणि डोळे नुसते चित्रांवरून घसरतात. आधुनिक कला आवडत असेल तर डोमला लागूनच म्युझियम लुडविग आहे, पिकासो आणि पॉप आर्टचा मोठा संग्रह तिथे आहे. जुनी चित्रं हवीत तर वॉलराफ-रिशार्त्झ संग्रहालय.

माझी शिफारस मात्र एल-डे हाउसची आहे, डोमपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. १९३५ ते १९४५ या काळात ही गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, कोलोनमधली कचेरी होती. तळघरातल्या कोठड्या तशाच आहेत आणि त्यांच्या भिंतींवर कैद्यांनी नखांनी, खिळ्यांनी, कोळशानं लिहिलेले सुमारे १,८०० लेख जपले आहेत: नावं, तारखा, निरोप, अनेक भाषांत. वरच्या मजल्यांवर नाझी काळातल्या कोलोनचं प्रदर्शन आहे. ज्या देशात आपण दोन-चार वर्षं काढणार, त्यानं आपला सगळ्यात काळा काळ कसा जपून ठेवला आहे हे विद्यार्थ्यानं एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी त्यानंतर दुसरं काही ठरवू नका. तिथून बाहेर आल्यावर शांत चालावंसं वाटतं, आणि नदी जवळच आहे.

मन जड करायचं नसेल, किंवा सोबत लहान मूल असेल, तर ऱ्हाईनकाठचं चॉकलेट संग्रहालय बघा. १९९३ मध्ये उघडलं आहे आणि शनिवारी गर्दी असते, तिकीट आधी काढलेलं बरं.

रस्त्यावर

सायकलींच्या मार्गावर चालू नका. फूटपाथसारखाच दिसतो, कधी लाल विटांचा असतो, आणि सायकली वेगात येतात. पायी चालणाऱ्यांनीही लाल दिव्याला थांबायचं, रस्ता रिकामा असला तरी. स्टेशनभोवती आणि गर्दीच्या चौकात पाकीटमारांपासून जपा. निवासपरवान्याचं कार्ड हरवलं तर नवीन मिळवण्यात आठवडे जातात. संकट आलं तर ११२ रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी, ११० पोलिसांसाठी. दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

संध्याकाळ आणि परतीचा प्रवास

ठरवलेल्या गाडीच्या दोन तास आधी फोन काढून गाडीची स्थिती बघा. रद्द झाली असेल तर अजून पर्याय असतात. गाडीच्या वेळेला फलाटावर जाऊन कळलं तर नसतात. एक तास आधी स्टेशनच्या दिशेनं चालायला लागा, म्हणजे वाटेत नदीकाठी बसता येतं.

गाडी चुकली किंवा रद्द झाली तर घाबरून समोरच्या आयसीईत चढू नका. मोठा उशीर झाला की दुसऱ्या गाडीनं जायची मुभा काही तिकिटांवर असते, पण डॉइचलँड तिकीट आणि राज्यांची दिवसाची तिकिटं त्यात येत नाहीत. स्टेशनवरच्या माहिती कक्षात जा. रात्री एकटीनं किंवा एकट्यानं प्रवास करताना चालकाच्या जवळच्या, माणसं असलेल्या डब्यात बसा आणि खोलीवरच्या कुणाला तरी गाडीची वेळ कळवून ठेवा.

सीमा ओलांडायची असेल तर

काही सहली देशाबाहेर जातात. म्युनिकहून साल्झबुर्ग सगळ्यांत लोकप्रिय, कारण डॉइचलँड तिकीट आणि बायर्न तिकीट दोन्ही रिजनल गाडीनं साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतात. जर्मनीच्या निवासपरवान्यावर शेंगेन गटातल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. पण मूळ पासपोर्ट आणि निवासपरवान्याचं कार्ड, दोन्ही सोबत हवं. फोटोकॉपी किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीनं सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि परतताना गाडीत पोलीस येऊन कागद बघतात. तपासणीसाठी गाडी थांबून राहते, म्हणून अशा सहलीत परतीला आणखी अर्धा तास धरा. परवान्याची मुदत संपली असेल आणि नूतनीकरण चालू असेल, तर सीमा ओलांडण्याआधी तुमच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून तुमच्या कागदावर परत येता येतं का, हे लेखी विचारा. तोपर्यंत देशातच फिरा.

गाडी तासाभराहून उशिरा पोचली तर

साध्या तिकिटावर ६० मिनिटांच्या उशिराला एका बाजूच्या भाड्याचे २५ टक्के आणि १२० मिनिटांच्या उशिराला ५० टक्के परत मिळतात. डॉइचलँड तिकिटाला प्रत्येक वेळच्या तासाभराच्या उशिराला १.५० युरो ठरलेले आहेत, पण ४ युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत. त्यामुळे एकच उशीर झाला तर काही हाती येत नाही. तीन उशीर जमले की एकत्र अर्ज करता येतो. प्रत्येक वेळी तारीख, गाडीचा क्रमांक, ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष पोचल्याची वेळ फोनमध्ये टिपून ठेवा, ॲपमधल्या उशिराच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, आणि प्रवासानंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज भरा.